बाबांना आधी चालायला लावू की आधी काउन्सेलिंगला नेऊ? दोन्ही एकदमच करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, देवगड तालुक्यात राहतात, आंब्याची बाग आहे, डायबेटीस दहाएक वर्षांपासून, आत्ताचं एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी) ९.४. गेलं वर्षभर बाबा बागेत जात नाहीत, पडवीत बसून असतात, चिडतात, रात्री दोन-तीनला जागे होतात, भजनाला जाणं बंद. डॉक्टरांनी औषधाच्या कागदावरच खाली लिहून दिलं, रोज चालणे, आणि समुपदेशकाला भेटणे. बाबा दोन्हीपैकी काही करत नाहीत. मुलगा डोंबिवलीला असतो, तो विचारतोय की आधी काय करायला लावू, आणि याचा खरंच उपयोग होतो की डॉक्टर नुसतं सांगायचं म्हणून सांगतात.

उत्तर आधीच सांगून टाकते. दोन्ही एकदम सुरू करा, आणि एकदम म्हणजे महिन्यातून एकदा काउन्सेलिंग आणि त्याच्याशी काही संबंध नसलेलं सकाळचं चालणं असं नव्हे, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं हवं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिजिशियन डॉक्टरांच्या ओपीडीच्या शेजारच्या खोलीत बसते, त्यामुळे माझ्याकडे येणारा पुरुष "मला उदास वाटतंय" असं म्हणत कधीच येत नाही, तो शुगरचा रिपोर्ट घेऊन येतो आणि डॉक्टरांनी तिकडे जा म्हटलं म्हणून बळेबळे येऊन बसतो. पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं, "मॅडम, माका काय पिसो समाजतास?", म्हणजे मला वेडा समजता का, आणि आपल्याकडे रत्नागिरीचं मनोरुग्णालय सगळ्यांना माहीत, त्यामुळे मनाचा डॉक्टर म्हटलं की डोळ्यासमोर थेट तेच उभं राहतं. तुमचे बाबा येत नाहीत याचं अर्धं कारण हेच असणार, त्यांच्यावर रागावू नका.

पुरुषांमधलं डिप्रेशन घरच्यांना ओळखू येत नाही कारण ते रडत नाहीत. ते चिडतात. जेवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवतात, फोन उचलत नाहीत, दोन पेगचे चार होतात, गोळ्या कधी घेतात कधी नाही, आणि विचारलं तर "काय नाय, दमलंय". दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, दिवसाचा बराच वेळ, आधी आवडणाऱ्या गोष्टीत रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी झालो असं वाटणं, हे असेल तर तपासून घ्यायलाच हवं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी फॉर्मसारखी चाचणी असते, पाच-सात मिनिटांत होते, मराठीत मिळते, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर पुढे नीट मुलाखत घ्यावी लागते. भजन सोडलं हे तुम्ही ओघात लिहिलंय पण माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. शुगर वाढली म्हणून कोणी भजन सोडत नाही.

आता एक गोष्ट वेगळी काढायला हवी. डायबेटीसचा वैताग आणि डिप्रेशन हे दोन सारखे दिसतात पण एक नाहीत. रोज गोळ्या, रोज सुई, भात कमी करा, आंबा खाऊ नका, देवगडात राहून हापूस खाऊ नका म्हणे, याचा वैताग कोणालाही येईल, तो आजाराबद्दलचा वैताग असतो आणि बाकी आयुष्यात माणूस हसत-खेळत असतो. डिप्रेशन सगळ्यावर पसरतं. बऱ्याच जणांना दोन्ही असतं. वैतागाला बऱ्याचदा पथ्य सोपं करून देणं, घरच्यांचा पहारा कमी करणं एवढ्याने फरक पडतो, डिप्रेशनला उपचार लागतो.

आणि काउन्सेलिंगच्या आधी काही रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या, कारण उदास दिसणारा प्रत्येक माणूस मनाने आजारी नसतो. मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं, त्याने थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, डोकं चालत नाही. थायरॉईड बघा, हिमोग्लोबिन बघा, किडनी बघा. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे आईला विचारा. शुगर सतत ३०० च्या पुढे असेल तर रात्री चार-पाच वेळा लघवीला उठूनच माणूस अर्धमेला होतो, त्याला आधी औषधं नीट बसवून घेणं हाच उपचार.

डायबेटीस असलेल्यांना डिप्रेशन साधारण दुप्पट प्रमाणात होतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि उलटंही, डिप्रेशन असलेल्यांना पुढे टाइप टू डायबेटीस होण्याची शक्यता वाढते. ताणाने कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं ते शुगर वर ढकलतं, झोप मोडली की इन्सुलिनचं काम मंदावतं, आणि मन मेलेलं असलं की माणूस गोळ्या चुकवतो, हालत नाही, गोड खातो, मग शुगर वाढते, मग रिपोर्ट बघून अजून खचतो. आपल्या भागात तर हा विषय लांबचा अजिबात नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीत, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, भारतात १० कोटींच्या वर डायबेटीसचे लोक निघाले, आणि सगळ्यात जास्त प्रमाण शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडे, आपल्याकडे, जेवण काय वेगळं आहे हो, तोच भात, तीच कढी.

उपयोग होतो का म्हणालात, तर हो, आणि हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत 'प्रोग्रॅम ॲक्टिव्ह टू' नावाने एक अभ्यास झाला, इंडियाना, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत, टाइप टू डायबेटीस आणि डिप्रेशन दोन्ही असलेले १४० लोक घेतले, त्यांचे चार गट केले. एकाला फक्त सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी, दहा सेशन. एकाला फक्त व्यायाम, बारा आठवडे, मध्ये मध्ये ट्रेनर. एकाला दोन्ही. आणि एकाला नेहमीचे उपचार. २०१९ साली निकाल आले. उदासी तिन्ही गटांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाली, म्हणजे नुसतं चालूनही झाली आणि नुसतं बोलूनही झाली. पण ज्यांचं एचबीएवनसी सुरुवातीला ७ किंवा त्याच्या वर होतं त्यांच्यात दोन्ही मिळालेल्या गटाचं एचबीएवनसी साधारण १.१ ने सुधारलं, औषधांचा फरक हिशेबात धरूनसुद्धा. एकाने कमी होणं म्हणजे एखादी चांगली गोळी वाढवल्यासारखं आहे, कुठल्याही फिजिशियनला विचारा.

आता याच अभ्यासातली दुसरी बाजू जी मला जास्त खटकते, त्यातल्या लोकांत तीन चतुर्थांशाहून जास्त बायका होत्या. पुरुष तिकडेही आलेच नाहीत! म्हणजे उपचार आहे, पण पुरुषाला त्या खोलीत आणायचं कसं हा खरा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात त्याचं उत्तर व्यायामातच आहे. "समुपदेशनाला चला" म्हटलं तर येत नाहीत, "डॉक्टरांनी तुमचा चालण्याचा प्लॅन बसवायला पाठवलंय" म्हटलं तर येतात. ही फसवणूक नाही कारण प्लॅन खरंच बसवायचाच असतो. आणि पुरुष समोरासमोर खुर्चीत बसून डोळ्यात डोळे घालून बोलत नाहीत, पण शेजारी चालताना, नजर रस्त्यावर असताना, बरंच बोलून जातात. मी काहींना सरळ बाहेर काढते, जेटीपर्यंत जाऊन येऊ म्हणते. बाई आहे म्हणून संकोच करतील असं सगळ्यांना वाटतं, तसं फार होत नाही, उलट मित्रापुढे जे बोलता येत नाही ते माझ्यापुढे निघतं.

यातला गाभा असा की डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो "बरा वाटला की जातलंय". हे उलटं आहे. बरं वाटण्याची वाट बघत बसलं तर बरं वाटतच नाही, आधी पाय हलतात, मन मागून येतं, तेही लगेच नाही. यालाच आमच्या भाषेत बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, आणि याचा एक फार चांगला पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात संगथ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन, सहा ते आठ बैठकींत हेच करून घेतलं, डिप्रेशन चांगलंच तीव्र असलेल्या लोकांमध्ये. २०१७ साली ते छापून आलं आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त लोक बरे झाले. बैठकीत काय करायचे तर माणसाची दिवसाची घडी बघायची, कुठल्या गोष्टींनी जरा बरं वाटतं, कुठल्या टाळल्याने अजून खाली जातो, आणि छोट्या छोट्या गोष्टी परत दिवसात बसवायच्या. म्हणून मोठा सायकियाट्रिस्ट गावात नाही म्हणून काही होणार नाही असं समजू नका.

मी कसं करते ते एका माणसावरून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बंदरावरचा तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, पन्नाशीचा, बोट मुलाच्या ताब्यात दिल्यापासून घरात. शुगर वाढलेली, चालायला तयार नाही. कारण विचारलं तर आळस म्हणाला. तिसऱ्या भेटीत निघालं की बापाचा पाय डायबेटीसने गुडघ्याखाली कापला होता, आणि याच्या डोक्यात पक्कं बसलेलं की आपलाही जाणार, चालून घासला तर लवकर जाणार. म्हणजे बघा, बाहेरून आळस दिसतो आणि आत भीती बसलेली असते, आणि त्याला कोणी दहा वेळा "चाल रे बाबा" म्हणून काही होणार नव्हतं. मग काय केलं, शेजारच्या डॉक्टरांकडून त्याच्यासमोर पायाची तपासणी करून घेतली, तो बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात ना तो, डोळे मिटून सांग कुठे लागतंय. दहाही जागी त्याने बरोबर सांगितलं. पायाच्या नाडीचे ठोके व्यवस्थित. त्याला म्हटलं तुमच्या बापाचा पाय कसा होता? तर काळा पडलेला, जखम महिनाभर लपवलेली, विडी दिवसाला बंडलभर. मग तुमचा आणि त्यांचा पाय सारखा आहे का, तुम्हीच सांगा. तो बराच वेळ पायाकडे बघत बसला आणि म्हणाला, नाय, तसो नाय.

मग प्रयोग दिला. दुपारी जेवण झाल्यावर दीड तासाने ग्लुकोमीटरवर बघायचं, एक दिवस नुसतं पडून राहून तासाभराने परत बघायचं, दुसऱ्या दिवशी तेच जेवण जेवून मधे वीस मिनिटं घरामागच्या रस्त्यावर फेरी मारायची आणि परत बघायचं. वहीत दोन आकडे शुगरचे आणि शेजारी एक आकडा मनाचा, शून्य ते दहा. पडून राहिला त्या दिवशी शुगर होती तिथेच, चालला त्या दिवशी २४० च्या आसपासची दोनशेच्या खाली आली. मशीनमध्ये थोडाफार फरक येतोच म्हणून तीन-चार वेळा करायला लावलं, दर वेळी तोच कल. मनाचा आकडा मात्र पहिल्या आठवड्यात हलला नाही, ३ चा ३ च. हे मी आधीच सांगून ठेवलेलं होतं, नाहीतर माणूस म्हणतो बघा काही झालं नाही आणि सोडतो. पण त्या शुगरच्या आकड्याने जे केलं ते माझ्या शंभर समजुतीच्या गोष्टींनी केलं नसतं. "माझ्या हातात काय नाय" हा जो डिप्रेशनमधला पक्का विचार, त्याला वहीतच उत्तर मिळालं, आणि तेही त्याच्या हाताने लिहिलेलं. पुढच्या भेटीत बोलायला आपोआप विषय होता.

मी गुंतवून म्हणते ते हेच. चालण्यात जे अडतं ते बोलण्यात आणायचं, आणि बोलण्यात जे ठरतं ते चालताना तपासायचं. "लोक काय म्हणतील, एवढा मोठा बागायतदार रिकामा फिरतोय", हा विचार? ठीक, या आठवड्यात नाक्यापर्यंत जायचं आणि किती जणांनी काय म्हटलं ते वहीत लिहून आणायचं. बहुतेक वेळा लोक "काय, आज इकडे खंय?" एवढंच विचारतात. नुसतं चालायला सांगितलेला डिप्रेशनवाला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतो आणि "एवढंही जमलं नाही" अशी अजून एक हार पदरात पडते. आणि नुसतं बोलायला येणारा माणूस मन मोकळं करून जातो पण घरी जाऊन परत त्याच पडवीत त्याच खुर्चीत.

किती चालायचं? आकडा सगळीकडे सांगतात तो आठवड्याला १५० मिनिटं, दम थोडा लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नाही. यामागे कारण आहे, चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात, आणि नंतर चोवीस तास किंवा जास्त शरीर इन्सुलिनला जरा चांगलं ऐकतं, मग तो परिणाम ओसरतो. पण तुमच्या बाबांना पहिल्या दिवशी १५० सांगू नका. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, एवढंच, खळ्यात, म्हणजे अंगणात, फेऱ्या मारल्या तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांनी वाढवा. आठवड्यात दोन दिवस ताकदीचा व्यायाम, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. जिमची गरज नाही. बागायतदार मला हमखास सांगतात की आम्ही दिवसभर बागेतच असतो, वेगळा व्यायाम कशाला. गडी फवारणी करतात आणि आपण कलमाखाली उभं राहून हात दाखवतो, त्याला व्यायाम म्हणत नाहीत. स्वतः गवत काढत असाल, उताराची बाग दिवसातून दोनदा चढत असाल तर नक्की धरा.

आता धोके, इथे घाई करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालताना आणि नंतर रात्रीसुद्धा शुगर एकदम खाली येऊ शकते. आपल्याकडचे लोक पहाटे उठून गोळी घेतात आणि रिकाम्या पोटी चालायला जातात, हे अजिबात नको. शुगर १०० च्या खाली असेल तर निघण्यापूर्वी थोडं खा. थरथर, घाम, डोकं गरगरणं, उगाच चिडणं असं झालं आणि ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे पावडर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. खिशात साखर नव्हे, ग्लुकोज पावडर ठेवा, कारण आपल्याकडे वोग्लिबोज हे शुगरचं औषध बऱ्याच जणांना असतं आणि त्याच्यावर साधी साखर लवकर चढत नाही. रिकाम्या पोटी दारू आणि वर ग्लिमेपिराइडसारखी गोळी हे तर फारच वाईट. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी करा, पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजन उचलणं, श्वास रोखून जोर लावणं बंद. चालताना छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दम न जाणं, अशा वेळी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, आणि डायबेटीसमध्ये हार्टचं दुखणं न दुखताही येतं म्हणून सुरुवातीलाच ईसीजी काढून घ्या. शुगर ३०० च्या वर आणि बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको.

समुद्रावर अनवाणी चालणं सगळ्यांना आवडतं, फोटोतही छान दिसतं, पण पायाला बधिरपणा असेल तर नको, शिंपल्याने कापलेलं कळत नाही आणि एप्रिल-मेच्या दुपारी वाळू भाजते ते कळत नाही. बंद बूट, मोजे, घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे. पावसाचे चार महिने हा वेगळाच विषय आहे, जूनमध्ये चालणं सुटलं की गणपतीपर्यंत सुटतं आणि नेमके हेच महिने मनाला जड जातात, अंधार, ओल, मच्छीमारांना १ जूनपासून दोन महिने बंदी, बागेतही फारसं काही नाही. म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याचा प्लॅन ठरवायचा, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या, शाळेच्या किंवा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या, घरातले ताकदीचे व्यायाम. पायाला जखम असेल तर शेताच्या चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती आपल्या जिल्ह्यात खरी आहे.

एक विषय पुरुष स्वतःहून काढत नाहीत. डायबेटीसमध्ये लैंगिक ताठरता कमी होणं फार कॉमन आहे, आणि ५८ म्हणजे काही म्हातारं वय नाही. हे कोणाशी बोलता येत नाही, बायकोपासून तोंड लपवतात, मग खोली वेगळी होते, मग घरचे म्हणतात बाबा हल्ली एकटे राहतात. काही डिप्रेशनच्या गोळ्यांनीही यात अडचण येते आणि मग माणूस कोणाला न सांगता गोळी बंद करतो. गोळी बदलता येते, उपाय आहेत, पण मेडिकलमधून परस्पर त्या निळ्या गोळ्या आणू नयेत, हार्टसाठी नायट्रेट चालू असेल तर त्या जिवावर बेततात. मी पहिल्या दोन-तीन भेटींत हा प्रश्न स्वतः विचारते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं.

काउन्सेलिंग आणि चालणं यांनी गोळी टाळता येते का असंही लोक विचारतात. सौम्य-मध्यम असेल तर बऱ्याचदा येते. तीव्र असेल, जेवण सुटलं असेल, मरणाचे विचार असतील तर सायकियाट्रिस्टची गोळी लागते आणि तिला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. काही गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते म्हणून आपल्याला डायबेटीस आहे हे सायकियाट्रिस्टना सांगायचंच, सगळ्या औषधांचा कागद दाखवायचा. आणि बागेचं कर्ज, दोन वर्षं थ्रिप्स किडीने मोहोर गेला, कॅनिंगला भाव नाही, हे जर खरं कारण असेल तर ते बोलण्याने नाहीसं होणार नाही. तिथे थेरपी म्हणजे कागद घेऊन बसणं, कुठलं देणं आधी, बँकेशी कोण बोलणार, मुलाला किती सांगायचं. बापाला मुलापासून कर्ज लपवायचं असतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

तुम्ही डोंबिवलीहून काय करू शकता? रोज फोनवर "शुगर किती आली, भात खाल्लात का" हे बंद करा. पोलिसाला कोणी मन सांगत नाही. "आज कुठपर्यंत गेलात, कोण भेटलं" एवढंच विचारा. आईलाही सांगा की ताटावर नजर ठेवणं एका वेळेपुरतं सोडून द्या. भजनी मंडळातला एखादा जुना जोडीदार गाठा, त्याला खरं काय ते सांगा, आणि त्यालाच रोज संध्याकाळी हाक मारायला सांगा. माणूस स्वतःसाठी उठत नाही पण दारात कोणी उभं राहिलं तर चप्पल घालतो.

आणि हे मात्र आजच करा. बाग आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात किंवा मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, असणार. ती कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. इन्सुलिन आणि गोळ्यांचा महिन्याचा साठा आईकडे. बाबांना सरळ विचारा, "कधी जगूच नये असं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट विचारणारा कोणीतरी आहे हे कळतं. हो म्हणाले, किंवा निरवानिरवीची भाषा करायला लागले, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली-मानस हा सरकारी नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, तुम्हीही करू शकता, पेशंटनेच करायला हवा असं नाही.

तीन महिने द्या. एचबीएवनसी हे मागच्या साधारण तीन महिन्यांचं सरासरी चित्र असतं म्हणून त्याआधी परत काढून निराश होऊ नका, मधल्या काळात जेवणानंतरची शुगर, झोप, आणि दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ बघा. सहा-आठ आठवड्यांत मनाचा आकडा अजिबात हलला नाही तर तसंच चालू ठेवायचं नाही, उपचार वाढवायचा. जवळ कोणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथून सुरू करा, आणि फोनवर किंवा व्हिडिओवरही बैठका चालतात, देवगडहून दर वेळी एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, जायची गरज नाही.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं तशीच पिशवीत घालून आणा, नावं पाठ करून येऊ नका, मागचे दोन रिपोर्ट आणि डोळ्याचा कागद असेल तर तो. त्यांना मनाच्या डॉक्टरकडे चला म्हणू नका, चालण्याचा प्लॅन करून घ्यायला चला म्हणा. आणि आत त्यांना एकट्यालाच सोडा, तुम्ही आणि आई बाहेर बसा, तुम्हाला जे सांगायचं आहे ते मी नंतर ऐकेन.